विंचची दोन टोकं

विंच घेऊ पाहणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती पौंडाची घेऊ? प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी दोन प्रश्न सोडवायला हवेत. विंच गाडीच्या कोणत्या भागावर बसणार आणि दोराचं दुसरं टोक कशाला अडकवणार? विंचचं काम म्हणजे दोन टोकं एकमेकांजवळ आणणं. एक टोक गाडीच्या चॅसीवर, दुसरं झाडावर, खडकावर किंवा दुसऱ्या गाडीवर. मधे दोन-चार टनांचा ताण. त्या ताणाखाली सर्वांत कच्ची जी गोष्ट असेल ती आधी सुटते. ती चिखलाची पकड असली की गाडी निघाली. ती बोल्ट, वेल्डिंगचा जोड, शॅकल (पिनने बंद होणारी पोलादी कडी) किंवा झाडाचं मूळ असली तर तोच ताण त्या वस्तूला भिरकावून देतो आणि तिच्या वाटेत माणूस उभा असू शकतो. म्हणून या लेखात विंचच्या ब्रँडबद्दल फारसं काही नाही. दोन टोकांबद्दल आणि मधल्या दोराबद्दल आहे.

ताम्हिणीपासून आंबोलीपर्यंत पावसाळ्यात फोर-बाय-फोर घेऊन कच्च्या वाटांवर जाणारे आता पुष्कळ आहेत. मलेशियात 1997 साली सुरू झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा 2014पासून गोव्यातही भरू लागली आणि चिखलाच्या भिंतीवर विंचच्या जोरावर चढणाऱ्या गाड्यांच्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. त्या पाहून विंच घेणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की स्पर्धेतल्या विंच वेगळ्या असतात, त्यांच्यामागे सराव केलेला सहचालक असतो आणि लोक किती अंतरावर उभे राहतील हे आयोजक ठरवतात. आपण शेतरस्त्याच्या कडेला रुततो, तेव्हा यातलं काहीच जवळ नसतं. भोवती गर्दी मात्र असते.

गाडीकडचं टोक

विंच बसते ती चॅसीवर. बंपरवर नाही, ग्रिलच्या पट्टीवर नाही आणि शोभेच्या गार्डवर तर मुळीच नाही. थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो, जुनी जिप्सी या गाड्यांना खालून दोन लांब लोखंडी कण्यांची लॅडर फ्रेम असते. विंचच्या प्लेटचे दोन्ही हात या दोन कण्यांना, शक्यतो कंपनीनेच दिलेल्या भोकांतून, बोल्टने धरले पाहिजेत. मोनोकॉक बांधणीच्या एसयूव्हीला असा कणा नसतो. तिथे खास त्या मॉडेलसाठी तयार केलेलं माउंट मिळत नसेल, तर विंचचा विचार सोडून चांगला पट्टा, फावडं आणि सोबतीला दुसरी गाडी ठेवणं जास्त शहाणपणाचं आहे.

आपल्याकडे बरीच कामं ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे होतात आणि त्यात गैर काही नाही. उत्तम हात असलेले कारागीर गावोगावी आहेत. पण त्याच्यापुढे गाडी उभी करून ‘मजबूत कर’ एवढंच म्हणू नये. प्लेट किमान 6 मिलिमीटर जाडीची हवी. तिच्या कोपऱ्यांना आडवे टेकू, म्हणजे गसेट, हवेत. ताण नेहमी सरळ समोरून येत नाही. तो बाजूनेही येतो आणि खालच्या दिशेनेही येतो, हे त्याला समजावून सांगावं. चॅसीला थेट वेल्डिंग करून घेणं टाळावं. बोल्ट सैल झाला तर दिसतो आणि आवळता येतो; वेल्डिंगच्या आत गेलेला तडा तुटेपर्यंत दिसत नाही. कुठे वेल्डिंग करावंच लागलं, तर आधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, नाहीतर गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सवर संकट येतं.

मध्यम आकाराच्या बहुतेक विंचच्या पायांची भोकं एकाच मापाची असतात: 10 इंच बाय साडेचार इंच, म्हणजे 254 बाय 114.3 मिलिमीटर. पुढे कधी विंच बदलायची झाली तर हे माप उपयोगी पडतं, म्हणून प्लेट याच मापाची करून घ्यावी. बोल्ट विंचसोबत आलेलेच वापरावेत. हरवले तर डोक्यावर 8.8 असा आकडा कोरलेले हाय टेन्साइल बोल्ट घ्यावेत. साध्या बोल्टवर हे काम भागवू नये. इथे एक बारीक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. विंचच्या पायात नट बसायला खाच असते आणि तिची खोली मर्यादित असते. गरजेपेक्षा लांब बोल्ट घातला तर तो तळाला टेकतो. पान्याला घट्ट लागतो, पण प्लेट आणि विंच यांच्यात फट राहते. बोल्ट आवळला गेला आणि विंच धरली गेली, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या खऱ्या ओढीनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत.

दोर ड्रमवर कोणत्या बाजूने गुंडाळायचा हे विंचवर बाण करून दाखवलेलं असतं. नेहमीच्या बसवणीत दोर ड्रमच्या खालच्या बाजूने बाहेर पडतो, म्हणजे ताण आला की तो विंचला प्लेटकडे दाबतो. उलट्या बाजूने गुंडाळला तर दोन घोटाळे होतात: ताण विंचला प्लेटवरून उपटायला बघतो, आणि बऱ्याच विंचमधला आपोआप लागणारा ब्रेक उलट्या दिशेला धरत नाही. चढावर अर्ध्यात बटण सोडल्यावर गाडी मागे सरकू लागली, तर हे कारण आधी तपासावं.

आता कायद्याचं. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवून अनधिकृत क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करायला सांगितलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52चा त्यात आधार होता. कारण दंडाच्या पलीकडचं आहे. पुढच्या बाजूला जाड लोखंड लावलं की टक्कर शोषून घेण्यासाठी बनवलेला भाग त्याचं काम करू शकत नाही, एअरबॅगच्या सेन्सरला धक्क्याचा अंदाज चुकीचा मिळू शकतो आणि पायी चालणाऱ्याला बसणारा मार जास्त जीवघेणा होतो. म्हणून माझा कौल मूळ बंपरच्या मागे लपणाऱ्या प्लेटला, किंवा गरज लागेल तेव्हाच जोडता येणाऱ्या रिसीव्हरला. रिसीव्हर म्हणजे चॅसीला पक्की धरलेली चौकोनी पोलादी नळी. पाळण्यावर, म्हणजे सुट्या चौकटीवर, बसवलेली विंच तिच्यात सरकवून खिळीने अडकवायची. ही नळी पुढे आणि मागे, दोन्हीकडे असली तर मोठाच लाभ होतो. रुतलेल्या गाडीची सोपी वाट बहुतेक वेळा मागेच असते, जिथून ती आली तिथे, आणि पुढे कायमची बसवलेली विंच तिला फक्त पुढच्या चिखलात ओढू शकते. काहीही केलं तरी नंबर प्लेट झाकली जाऊ नये, रेडिएटरची हवा अडू नये आणि केलेला बदल विमा कंपनीला आधी कळवलेला असावा.

पोलादी दोरासकट मध्यम विंचचं वजन पस्तीस-चाळीस किलोच्या घरात जातं. ते सगळं गाडीच्या नाकावर येतं. जिम्नीसारख्या हलक्या गाडीला ते उतारावर आणि खड्ड्यांत जाणवतं. पुढच्या स्प्रिंग बदलाव्या लागतील का, हे महिनाभर चालवून मग ठरवावं.

वीज

विंचची मोटर किती वीज खाते याची कल्पना नसल्यामुळे वायरिंग स्वस्तात उरकलं जातं. साडेनऊ हजार पौंडांची 12 व्होल्टची विंच पूर्ण भाराखाली 400 अँपिअरच्या आसपास ओढते. गाडीचा अल्टरनेटर याच्या तिसऱ्या हिश्शालाही क्वचितच पुरतो. उरलेलं सगळं बॅटरीतून जातं. म्हणून इंजिन चालू ठेवून, थोडी रेस देऊन, थांबत थांबत ओढायचं असतं, आणि म्हाताऱ्या बॅटरीवर विंच जोडायची नसते. ऐन ओढीत बॅटरी बसली तर गाडी रुतलेली राहतेच, वर स्टार्टही होत नाही.

तारा निदान 35 चौरस मिलिमीटरच्या, तांब्याच्या. विंच मागे असेल आणि तार लांब जात असेल तर 50 किंवा 70. वेल्डिंगची लवचीक केबल या कामाला छान चालते, फक्त दुकानात टोक सोलून बघावं. अॅल्युमिनियमची स्वस्त केबलही तशीच दिसते. धन आणि ऋण, दोन्ही तारा थेट बॅटरीपर्यंत न्याव्यात. ऋण तार चॅसीच्या कुठल्यातरी बोल्टला अडकवली तर गंज आणि रंग यांच्यातून 400 अँपिअर जायला बघतात आणि तो जोड तापतो. पत्र्यातून तार जिथे आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट हवंच, तिच्यावर पन्हळी नळी हवी आणि सायलेन्सरच्या पाइपापासून ती लांब हवी. धन तारेवर, बॅटरीच्या जवळ, विंचचा पूर्ण प्रवाह झेलणारा कट-ऑफ स्विच बसवावा. वापर नसताना तो बंद असायचा. तार कुठे घासून उघडी पडली तर जळण्यापासून गाडी वाचवणारी ती एकच गोष्ट असते. शिवाय रिले चिकटून विंच थांबेनाशी झाली, तर तिला थांबवायचा मार्गही तोच. तो कुठे आहे हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक असावं.

पौंड, थर आणि चिखल

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. गाडीचं पूर्ण भरलेलं वजन गुणिले दीड, हा सर्वमान्य हिशेब आहे. माणसं, सामान आणि इंधन धरून 2500 किलो भरणाऱ्या गाडीला 3750 किलो ओढणारी विंच लागेल. बाजारात तिला जवळची म्हणजे 9500 पौंडांची, सुमारे 4300 किलोंची. पण खोक्यावर छापलेला हा आकडा ड्रमवरच्या पहिल्या थरापुरताच खरा असतो. दोर जसजसा गुंडाळत जातो तसा ड्रमचा घेर वाढतो, मोटरचा पीळ तेवढाच राहतो आणि ओढ घटते. चौथ्या थरावर ती छापील आकड्याच्या साठेक टक्क्यांवर आलेली असते. याचा अर्थ असा, की पाच मीटरवरच्या झाडापेक्षा वीस मीटरवरचं झाड तुम्हाला जास्त ताकद देतं. जवळचं झाड सोयीचं वाटतं म्हणून धरू नये. मात्र दोर संपेपर्यंतही सोडू नये: ड्रमवर पोलादी दोराचे निदान पाच वेढे आणि सिंथेटिकचे आठ ते दहा उरले पाहिजेत. दोराचं आतलं टोक धरणारा छोटा स्क्रू भार घेण्यासाठी नसतो. भार वेढ्यांचं घर्षण घेतं.

चिखल किती धरून ठेवतो याचाही हिशेब आहे आणि तो लष्करी रिकव्हरीच्या पुस्तकांतून आला आहे. चाकं हबपर्यंत बुडाली असतील तर गाडीच्या वजनाइतका प्रतिकार धरा. मडगार्डपर्यंत बुडाली तर दुप्पट. त्याच्या वर गेली तर तिप्पट. चढ असेल तर वेगळी भर: 30 अंशांच्या चढाला वजनाच्या निम्मी. म्हणजे आपली 2500 किलोंची गाडी मडगार्डपर्यंत बुडाली असेल, तर 5000 किलोंचा सामना आहे आणि 4300 किलोंची विंच एकेरी दोराने तिथे हरणार. हे आधी कळलं तर निष्कारण काही जळत नाही आणि तुटत नाही.

हा गुणाकार कमी करण्याचं सर्वांत स्वस्त साधन फावडं आहे. मी याबद्दल आग्रही आहे, कारण हातात रिमोट आला की फावडं गाडीतच राहतं. चाकांपुढची माती काढून उतार करा. गाडी पोटावर बसली असेल तर डिफरन्शियल आणि चॅसीखालची माती ओढून काढा. टायरची हवा कमी करा. चाकांखाली दगड आणि तुटून पडलेल्या फांद्या भरा. अर्धा तास फावडं चाललं की मडगार्डाचा चिखल हबचा होतो आणि तुमची विंच एकाएकी दुप्पट ताकदीची ठरते.

मातीही ओळखावी लागते. कोकणातल्या भाताच्या खाचरात चिखलणीमुळे वर लोणी आणि खाली घट्ट झालेला थर असतो. गाडी त्या थरावर टेकते, घसरते, पण बुडत जात नाही. देशावरच्या काळ्या मातीचा पावसाळ्यात भरवसा नसतो. ती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटून जाडी वाढवते आणि गाडीच्या पोटाखाली गेली की हवेची वाट बंद करून गाडीला चोखून धरते. काळ्या मातीतून गाडी निघताना सुरुवातीला सर्वांत जास्त जोर लागतो. ही पकड सोडवायला पहारीने पोटाखाली हवेला वाट करून द्यावी. एकदा ती सुटली की पुढची ओढ हलकी जाते.

पोलाद की सिंथेटिक

दोन्ही दोर चांगले आहेत, दोन्हींचे शत्रू वेगळे. पोलादी वायररोप दगडांवर घासला तरी सहसा टिकतो आणि उन्हाची पर्वा करत नाही. पण तो जड असतो, खाऱ्या हवेत गंजतो, एकदा मुरगळला की तिथे कायमचा कच्चा होतो आणि त्याचे तुटलेले तंतू हातात सुईसारखे घुसतात. भाराखाली तुटला तर त्याचं टोक पत्रा फाडू शकतं. सिंथेटिक दोर एका अतिशय मजबूत पॉलिथिलीनचा असतो. पोलादाच्या तुलनेत तो नाममात्र वजनाचा, पाण्यावर तरंगणारा आणि हाताला मऊ असतो. तुटला तर कमी ऊर्जेने उडतो, पण निरुपद्रवी नसतो. त्याला खडकाची धार, ऊन आणि उष्णता सोसत नाही. हा धागा 145 ते 150 अंश सेल्सिअसला वितळतो आणि त्याच्या पुष्कळ आधीच ताकद गमावू लागतो. ब्रेक ड्रमच्या आत असलेल्या विंचमध्ये, भार असताना दोर मोटरने सोडत बसलं की ब्रेक तापतो, ड्रम तापतो आणि सर्वांत आतला थर भाजतो. बाहेरून काहीच दिसत नाही. अशी विंच लावून उतारावरून गाडी उतरवायची असेल, तर ती थोड्या थोड्या अंतराने थांबत, ड्रम निववत उतरवावी.

माझी पसंती आपल्या घाटवाटांसाठी सिंथेटिकला आहे, कारण गर्दीत काम करावं लागतं. खडकाळ आणि धुळीच्या भागातच जास्त फिरणाऱ्याने पोलाद ठेवलं तर त्याला मी चूक म्हणणार नाही. बदल करताना फेअरलीड, म्हणजे दोर बाहेर येण्याचं तोंड, तेही बदलावं. पोलादी दोराला चार रूळांचं, सिंथेटिकला अॅल्युमिनियमचं गुळगुळीत. पोलादी दोराने चरे पाडलेल्या तोंडातून सिंथेटिक दोर ओढला तर ते चरे त्याला करवतीसारखे कापतात.

नवा दोर जसा दुकानातून आला तसाच वापरू नये. आधी मोकळ्या, हलक्या चढाच्या जागी वेढे राखून सगळा दोर सोडावा, टोक पक्क्या आधाराला लावावं आणि गाडीच्या वजनाने दोन-सव्वादोनशे किलोंचा ताण राहील असा तो शेजारी-शेजारी वेढे बसवत भरावा. सैल भरलेल्या दोरावर भार आला की वरचा वेढा खालच्या थरात रुततो आणि तिथेच अडकतो.

पलीकडचं टोक

झाड जिवंत, खोलवर मूळ धरलेलं, निदान मांडीपेक्षा जाड आणि उभ्या वाढीचं असावं. आंबा, जांभूळ, ऐन, चांगला जुना साग यांच्यावर विसंबता येतं. नारळ आणि सुपारी यांची मुळं तंतुमय असतात, त्यांना एकही मोठं सोटमूळ नसतं. तिथे विंच लावू नये. आणि त्या झाडावर कुणाचं घर चालत असतं, हे कारणही पुरेसं आहे. दरडीच्या कडेला अर्धी मुळं उघडी पडलेलं झाड कितीही थोराड दिसलं तरी सोडून द्यावं. पट्टा खोडाच्या बुंध्याशी, जमिनीलगत. वर बांधला तर तरफ होते आणि झाड मुळासकट येऊ शकतं. पट्टा रुंद, सपाट आणि विंचच्या ताकदीला साजेसा हवा. दोर थेट खोडाभोवती कधीच गुंडाळू नये: साल सोलली जाते, झाड पुढे वाळू शकतं आणि स्वतःच्या अंगावरच आकडा अडकवलेला दोरही तिथेच खराब होतो. पट्ट्याची दोन्ही टोकं शॅकलमध्ये, शॅकलमध्ये आकडा, आकड्याचं उघडं तोंड वर. तोंड वर असलं की आकडा सरळ झालाच तर तो जमिनीकडे जाण्याची शक्यता जास्त. शॅकलवर तिची भारक्षमता कोरलेली हवी, उदाहरणार्थ 4.75 टन. न कोरलेली शॅकल कितीही जाड असली तरी तिला इथे जागा नाही.

घाटमाथ्यावरचा बेसॉल्टचा मोठा, जमिनीत रुजलेला धोंडा उत्तम आधार असतो, पण त्याच्या कडा धारदार असतात. तिथे पट्ट्याऐवजी साखळी. जांभा दगड भुगा होतो, त्यावर भरवसा ठेवू नये. काहीच नसेल, उघडा माळ किंवा वाळू असेल, तर स्टेपनी पुरावी. ओढीच्या दिशेला आडवा, छातीएवढ्या खोलीचा खड्डा, त्यात उभं चाक, त्याच्या मागून पट्टा, आणि पट्टा बाहेर यायला तिरका चर. वरून माती भरून तुडवावी. घाम काढणारं काम आहे, पण माळावर दुसरा इलाज नसतो.

दुसरी गाडी आधार म्हणून घेतली, तर तिच्या चॅसीला जोडलेला रिकव्हरी पॉइंटच धरायचा. ट्रेलर ओढण्याचा गोल टो बॉल कधीही नाही. तो ट्रेलरचं स्थिर वजन ओढण्यासाठी असतो. रुतलेल्या गाडीच्या झटक्याने तो मानेतून तुटून तोफगोळ्यासारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात अशाने माणसं दगावली आहेत. बंपरखालच्या छोट्या गोल कड्याही बहुधा जहाजावर किंवा ट्रेलरवर गाडी बांधून नेण्यासाठी असतात. आधाराच्या गाडीच्या चाकांना दगडांचा अडसर लावावा आणि तिच्या ब्रेकवर माणूस बसवावा. फक्त गिअरमध्ये उभी करून गिअरबॉक्सवर तो भार टाकू नये.

आणखी एक मनाई. ताणला जाणारा कायनेटिक दोर विंचसोबत जोडू नये. तो झटका देण्यासाठी ताण साठवतो, आणि विंचच्या मागे असा साठलेला ताण म्हणजे तुटण्याची वाट पाहणारं शस्त्र.

ओढ

गावाजवळ गाडी रुतली की मदतीला माणसं धावून येतात, ही आपल्याकडची चांगली गोष्ट आहे. त्यांचे आभार मानून त्यांना आधी मागे पाठवा. मुलं तर हमखास दोराच्या शेजारी येऊन उभी राहतात. सोडलेला दोर जेवढा लांब, त्याच्या दीडपट अंतराच्या आत कुणी नसावं, आणि ताणलेल्या दोरावरून पाय टाकून जाण्याची मुभा कुणालाच नाही. बोलणारा माणूस एकच असावा आणि खुणा आधी ठरलेल्या असाव्यात: ओढ, सोड, थांब. ‘थांब’ मात्र कुणीही म्हटलं तरी थांबायचं.

दोर बाहेर काढताना क्लच मोकळा करून हाताने न्यावा, बॅटरी वाचते. हातमोजे चामड्याचे. आकडा बोटाने न धरता त्याच्या पट्टीने धरावा. फेअरलीडच्या तोंडात बोटं जाऊन चिरडण्याचे अपघात दोर गोळा करताना होतात. आधार लागला की क्लच पूर्ण लागल्याची खात्री करून दोर फक्त ताठ होईपर्यंत घ्यावा आणि थांबावं. आता सगळीकडे फिरून बघा: शॅकलची पिन बसली का, पट्टा पिळला गेला आहे का, दोर कुठे घासतो का. दोराच्या मध्यावर ओलं पोतं, जाड घोंगडी किंवा डँपर टाका. पोलादी दोर असेल तर गाडीचं बोनेट वर करून ठेवा, तुटलेलं टोक काचेपर्यंत येणार नाही. पण मग पुढचं दिसत नाही, म्हणून बाहेरच्या माणसाच्या खुणांवरच चालायचं.

दोर शक्यतो सरळ समोर हवा. पंधरा अंशांपेक्षा जास्त तिरका असला तर तो ड्रमच्या एका कडेला ढीग करतो, आणि ढीग विंचच्या खांबांना आतून फोडू शकतो. तिरपी ओढ टाळता येत नसेल तर थांबून, दोर सोडून, पुन्हा नीट भरायचा. पूर्ण भाराखाली मिनिटाला मीटर-दीड मीटर एवढीच चाल असते. घाई करण्यासारखं त्यात काही नाही. मिनिटभर ओढून थांबावं, मोटरला हात लावून बघावा. हात ठेववत नसेल तर तिला निवू द्यावं. चालकाने लो रेंजमध्ये, पहिल्या गिअरमध्ये, चाकं अगदी हळू फिरवून मदत करावी. गाडी पकड घेऊन पुढे उसळली तर दोर सैल पडून चाकाखाली जातो, म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका.

एकेरी ओढीला विंच कण्हू लागली आणि गाडी हलत नसेल, तर बटण धरून ठेवण्यात काहीच हाती लागत नाही. इथे कप्पी काढावी. बाजूने उघडणारी कप्पी, म्हणजे स्नॅच ब्लॉक, आधाराला लावायची, दोर तिच्यातून वळवून परत आपल्याच गाडीच्या रिकव्हरी पॉइंटला आणायचा. विंचवरचा भार जवळपास निम्मा होतो, चालही निम्मी होते. दुसरा लाभ लक्षात येत नाही: दोर दुप्पट बाहेर पडल्यामुळे ड्रमवर खालचे थर उरतात आणि विंच तिच्या पूर्ण ताकदीजवळ येते. हिशेबात मघाशी हरलेली ती 4300 किलोंची विंच अशा दुहेरी दोराने 5000 किलोंचा चिखल सोडवू शकते. पण कप्पी आणि तिच्यामागचं झाड यांच्यावर विंचच्या ओढीच्या दुप्पट भार येतो, म्हणून कप्पी, पट्टा आणि शॅकल त्या दुप्पट भाराच्या हव्यात. कप्पी वापरून दोर बाजूला वळवला असेल, तर त्या कोनाच्या आतली जागा सर्वांत धोक्याची. कप्पी सुटली तर ती तिकडेच येते.

गाडी घट्ट जमिनीवर आली की ब्रेक लावा, चाकाला दगड द्या, मग दोर सैल सोडून आकडा काढा. ताणावर असलेली शॅकल हातोडीने सोडवू नये. विंचच्या भरवशावर गाडी चढावर टांगून ठेवून जेवायलाही जाऊ नये. तिचा ब्रेक तेवढ्यासाठी बनवलेला नसतो.

घरी आल्यावर दोर पूर्ण सोडून साध्या पाण्याने धुवा. सिंथेटिक दोराच्या विणीत शिरलेली वाळू त्याला आतून कापत राहते, म्हणून तो बादलीत बुचकळून, हाताने दाबत धुवावा आणि सावलीत वाळवावा. पोलादी दोर पुसून हलकं तेल लावावं. हात फिरवताना कुठे फुगवटा, चापटपणा किंवा तुटलेले धागे लागले तर तो भाग कापून पुन्हा जोड करून घ्यावा किंवा दोर बदलावा. विंच पाण्याखाली गेली असेल तर तिला थोडं फिरवून आतलं पाणी निघू द्या, बॅटरीची टोकं आणि कंट्रोल बॉक्सचे जोड उघडून बघा. दोर पुन्हा ताणाखाली भरा, रिमोट काढून गाडीत ठेवा आणि कट-ऑफ स्विच बंद करा. पावसाळा संपल्यावर विंच महिनोन्महिने तशीच पडून राहते. महिन्यातून एकदा अंगणात दोन मिनिटं चालवून बघितली की पुढच्या जूनमध्ये बटण दाबल्यावर ती फिरेल की नाही, याचा घोर राहत नाही.